आईचे मुलुंडमधले उपास

घर बंद करायच्या दिवशी आईने सगळ्यात आधी डबे रिकामे केले. कपडे, कागदपत्रं, औषधं हे सगळं मी भरत होते, तिला त्यात काही रस नव्हता. ती स्वयंपाकघरात खाली बसून एकेक डबा उघडत होती आणि शेजारच्या शालूवहिनीच्या सुपात ओतत होती. कुळीथ, चवळी, कोकमाची सोलं, पापडाचं उरलेलं पीठ. "भरलेलो डबो ठेवन घर बंद करू नये, उंदीर घर धरतत," असं तिचं म्हणणं. शालूवहिनी डोळ्यांना पदर लावून रडत होती आणि आई तिला कुळीथ किती भाजायचे ते समजावत होती. कोंबड्या सकाळीच वहिनीच्या खुराड्यात गेल्या होत्या, पण सवयीने परत आमच्याच अंगणात येऊन टोचत बसल्या होत्या. त्यांना कोणी हाकललं नाही.

निघताना शालूवहिनीच्या नवऱ्याने, बापूने, दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आज हयसून उठान मुंबैक चल्ली हा. तिका थंय काय कमी पडाक देव नको." आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. आईनेही म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने. मग ती तिठ्यापर्यंत चालत आली आणि लक्झरी गाडीत खिडकीशी बसली.

आपल्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा अंक निघतोय, तू काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला हीच सकाळ आठवली. गेल्या वर्षी शिमगा झाल्यावरची गोष्ट. गावात राहिलेल्यांना आईची खुशाली हवी असते आणि मुंबईत आलेल्यांच्या घरीही कोणाची तरी आई, कोणाचे तरी बाबा असे आलेले असतात. दोघांसाठीही हे लिहितेय. खुशाली चांगलीच आहे असं मी फोनवर सांगत आले. मधले काही महिने ती तशी नव्हती.

मला भाऊ नाही. बाबा गेल्यावर आई सहा वर्षं एकटी राहिली. पावसात विहिरीच्या पायरीवरून घसरली, खुबा वाचला, पण शालूवहिनीने फोनवर स्पष्टच सांगितलं, "गो, आता तिका घेवन जा. माझां पण वय झालां." आई यायला तयार नव्हती. मुंबई नको हे कारण नव्हतंच. कारण एकच होतं, ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून आठ दिवस जावं, बारशाला जावं, बाळंतपणाला जावं. राहायला जाऊ नये. आमच्या आजीने तर नातू होईपर्यंत माझ्या आत्याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि हे घरात मोठ्या कौतुकाने सांगितलं जायचं. माझ्या आईच्या मनात ते इतकं कडक नसेल असं मी धरून चालले होते.

मी स्वतः गाव सोडलं ते लग्न करून. आधी विक्रोळीच्या चाळीत सासू-सासऱ्यांबरोबर राहिले, मग मुलुंडला. पहिल्या आठवड्यात मला कशाचं नवल वाटलं असेल तर ते 'पाव किलो' या शब्दाचं. आपल्याकडे भेंडी तोडली की भेंडी असायची, ती पाव किलो नसायची. इथे सासूबाई कढीपत्त्याची काडीसुद्धा जपून वापरायच्या. मी पटकन शिकले. मुंबई शिकवतेच. आता मी दुकानात उभी राहून दोन पुड्यांमागचे आकडे चष्म्याशिवाय वाचते आणि 'एकावर एक फ्री' म्हटलं की आधी तारीख बघते. पण मी विशीत शिकले. आई आली तेव्हा पंच्याहत्तरीची होती.

आमचं घर कसं आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझा नवरा सुधीर विक्रोळीच्या एका कारखान्यात होता. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, सुधीर गेला नाही. आता भांडुपला एका छोट्या कंपनीत आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. मी शाळेच्या ऑफिसात. मुलगी मुग्धा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं आमचं घर, फक्त अलीकडे त्यातलं 'खाऊनपिऊन' महाग झालंय. सुधीरला एक खोड आहे. सकाळी चहाबरोबर तो फोनवर तीन वेगवेगळ्या ठिकाणचे किराण्याचे भाव बघतो आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे मोठ्याने वाचतो. "तेल परत चढलं." "तूरडाळ बघ, वाट लागली." "नारळ? अरे, हा नारळ आहे की सोनं?" तो चिकट मुळीच नाही. तो बोलून काळजी हलकी करतो. मी उत्तर द्यायचे, मुग्धा "बाबा, चिल" म्हणायची आणि सगळे कामाला लागायचे. आम्हाला तिघांनाही त्याची सवय होती. चौथं माणूस ओट्याशेजारी बसून लसूण सोलत ऐकत होतं.

जेवताना रोज एकच वाद, कुठलं अन्न पैसे मोजून खाण्याच्या लायकीचं. मुग्धा प्रत्येक पदार्थात प्रोटीन किती ते विचारायची. जिमवाल्या सराने तिला तक्ता दिला होता. तिला पनीर हवं, अंडी हवीत, ओट्स हवेत, आणि ती हिरवी गुळगुळीत परदेशी फळं, जी चवीला साबणासारखी लागतात. सुधीरचा प्रश्न वेगळा, एवढ्या पैशात पोट भरतं का? आणि आई मान खाली घालून म्हणायची, "पोटाक बरां पडता काय तां बघूचां." एकदा मॉलमध्ये मी तिला नाचणीच्या पिठाचं चकचकीत पाकीट दाखवलं. शेजारीच शेवग्याच्या पाल्याची भुकटी होती, डबीत, वर इंग्रजी नाव. तिने भाव विचारला. मी सांगायला नको होता, पण सांगितला. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती डबी जागेवर ठेवून पुढे गेली आणि घरी येईपर्यंत ट्रॉलीचा दांडा धरावा तसा माझा दंड घट्ट धरून चालली.

उपास कधी सुरू झाले ते नेमकं सांगता येणार नाही. एकादशी आणि संकष्टी ती आधीपासून करायची. मग सोमवार आला. "शंकराचो धरलंय," म्हणाली. छान. मग गुरुवार. मग श्रावण लागला आणि श्रावणात कोण कोणाला विचारतं? सगळी सोसायटीच उपासाला. श्रावण संपला, गणपती आले-गेले, आणि शनिवार वाढला. मारुतीचा. नवरात्रात नऊ दिवस. त्यानंतर आठवड्यात आईचा जेवायचा वार कुठला, ते मला आठवून बघावं लागायचं.

उपासाला आपण प्रश्न विचारत नाही. ही आपली रीत. एखादं माणूस नुसतंच जेवलं नाही तर आपण दहा वेळा विचारू, कपाळाला हात लावून ताप बघू, रागावलीस का म्हणू. तेच माणूस "आज उपास" म्हणालं की विषय संपला. उलट त्याचं ताट बाजूला ठेवताना आपणच मनात हात जोडतो. आमच्या मजल्यावरच्या भावनाबेन तर खरोखरच पाया पडायला यायच्या. त्यांच्यात उपासाला फार मान. "माँजी का तप बहोत बडा है," असं मला लिफ्टमध्ये सांगायच्या आणि मी खुशीत मान हलवायचे. शाळेतही मी सांगितलं होतं, आमची आई या वयात आठवड्यातून तीन-चार उपास करते. लोक वा म्हणाले.

एक गोष्ट मात्र खटकायची. उपास म्हटलं की आपल्याकडे खायला काय कमी असतं? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी, राजगिऱ्याचा लाडू. मुग्धा तर आजीच्या उपासाची वाटच बघायची. पण आईला यातलं काहीच चालत नव्हतं. साबुदाण्याने पोटात गोळा येतो, दाण्याने पित्त होतं, वरी घशाखाली उतरत नाही. अर्धं केळं आणि दोन वेळा चहा, तोही कमी दुधाचा. गावाला याच बाईने शिवरात्रीला कणगं, ती आपल्याकडची कंदमुळं, उकडून पाटीभर वाढलेली मला आठवतात आणि तिनेही आमच्याबरोबर खाल्लेली. मी म्हटलं, वय झालं, पचत नसेल. सुधीर म्हणाला, हवापाण्याचा फरक. मुग्धाने फोनवर शोधून सांगितलं की अधूनमधून पोट रिकामं ठेवणं शरीराला चांगलंच असतं. तिघांनी तीन कारणं दिली आणि तिघंही निर्धास्त.

दिवाळीच्या साफसफाईत मी तिचं कपाट आवरत होते. तिची पोलकी हातात घेतली तर दोन्ही बाजूंना आतून टाके घातलेले. हाताने, बारीक, सरळ. एकावर नाही, सगळ्याच पोलक्यांवर. काहींवर तर पहिल्या टाक्यांच्या आत पुन्हा दुसरी ओळ. मी तशीच पलंगावर बसले. आईचे डोळे मोतीबिंदूचे, सुई ओवायला तिला मुग्धा लागते. मुग्धाला विचारलं तर म्हणाली, "हो ना, आजी सारखी सुई ओवून मागते. मला वाटलं, तिचा टाइमपास आहे." पोलकं सैल दिसू नये म्हणून माझी आई ते आतून आवळत होती, आणि मी तिच्या शेजारच्या खोलीत झोपत होते.

त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. वजन गावाहून आल्यापासून खूप उतरलं होतं, रक्त कमी, उभी राहिली की भोवळ. भोवळीचं तर तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं, डाळ, अंडं, दूध, पालेभाजी, आणि आईकडे बघून म्हणाल्या, "आजी, उपास बंद. देवाला मी सांगते." आई हसली. घरी आल्यावर म्हणाली, "धरलेलो उपास सोडूक येना नाय, बाये. देवाचो कोप होता."

मी घाबरले होते. खरं सांगते, रात्री नीट झोप लागेना. आई पडली तर, हा विचार नव्हता तेवढा, आईला मी इथे आणून मारतेय, हा विचार होता. गावात एकटी होती तेव्हा निदान जेवत होती. आणि देवाच्या कोपाचं म्हणाल तर तो मुद्दा मलाही उडवून लावता येत नव्हता, मीही आपल्याच वाडीतली. मग मला सुचलं की व्रताला शेवट असतो. सोळा सोमवार धरले की सोळा झाल्यावर उद्यापन करतात, जोडपी जेवू घालतात आणि व्रत रीतसर सुटतं. सोमवार कधीच सोळाच्या वर गेले होते. मी ठरवलं, थाटात उद्यापन करू. सगळ्याच वारांचं एकदम करू. देव पण मोकळा आणि आई पण.

रविवारी सकाळी मी सुधीरला सामान सांगायला बसले. पाच जोडपी बोलवू. चुरम्याचे लाडू, म्हणजे तूप. गूळ चांगला आण. वेलची. काजू थोडे. नारळ ओटीला पाच, स्वयंपाकाला चार. सुधीर चक्क काही न बोलता फोनवर टिपून घेत होता. ओट्याशेजारी आई बसली होती. 'तूप' म्हटल्यावर तिचा हात थांबला. नारळाशी मी पोचले तोवर ती उठून उभी राहिली होती.

"पाच जोडपी कित्याक? खंयचा उद्यापन?"

"तुझ्या सोमवारांचं. कधीच झाले सोळा."

"तां काय करू नको."

"असं कसं? डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? उद्यापन केलं की सोडता येतील."

"अगो, नको म्हणतंय मां!" तिचा आवाज चढला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग ती परत खाली बसली, लसणीचं ताट पुढे ओढलं आणि त्या ताटाकडे बघत म्हणाली, "संकल्पच करूक नाय, तर उद्यापन कसला घालतंस? देवाचो उपास न्हय तो. असोच."

असोच. मला कळायला वेळ लागला. सुधीरला माझ्या आधी कळलं, कारण त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

मग तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत सांगितलं. "तुमच्याकडे सगळां इकत हाडूचां लागता. मीठ, मिरची, कडीपत्तो, सगळां. मी आपली बसान खातंय. माझ्या हातान एक काडी पिकवूक नाय, का एक अंडां गोळा करूक नाय. तां चेडू, मुग्धा, शिकता, तेका खावक व्हया. तुमी दोघां कामाक जातास. माका म्हातारीक कितकां लागता? जावयबापू रोज भाव वाचतत, तां माका आयकाक येता." आणि मग हळूच, "चेडवाच्या घरात असां खावचां बरां दिसना नाय गो." चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी.

मी ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही. हे घर माझं नाही का, याचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, तू मला कोण समजतेस, असं बरंच काही. ओरडता ओरडता रडायलाही लागले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुका नाय गो बोलणंय. तुजां काय? पण घर जावयाचां." म्हणजे मी कितीही ओरडले तरी उपयोग नव्हता. माझ्याकडून तिला हक्क मिळणारच नव्हता, कारण तिच्या हिशेबी तो माझ्याकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सुधीरने भाव वाचणं बंद केलं. सकाळी चहा, फोन, आणि चिडीचूप. त्याने आईचं भलंच झालं असतं, पण झालं उलटंच. दोन दिवस ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "जावयबापू रागावले. बोलणत नाय. माका गावाक पोचव." ताटात वाढलेलं ती आता खात होती, डॉक्टरचं औषध घ्यावं तसं. अंडं गिळताना डोळे मिटायची. तिला एकेक घास किती जड जात होता ते माझ्याने बघवत नव्हतं, आणि नजर काढवतही नव्हती. गावाला पाठवावं का, हा प्रश्न तेव्हा खरोखरच माझ्यापुढे उभा होता. शालूवहिनीला फोन लावायला मी दोनदा घेतला आणि ठेवला.

मार्ग काढला तो सुधीरने. एके संध्याकाळी कामावरून आला, हातपाय धुतले आणि आईसमोर खाली जमिनीवर बसला. जावई जमिनीवर बसलेला बघून आई गडबडून उठायला लागली. "आई, बसा. एक मागायचं होतं," तो म्हणाला. "तुमचं शेत बापू अर्धेलीने करतात ना? तुमच्या वाटणीचं भात कुठे जातं?"

"थंयच आसा. शालू ठेवता. ह्या वर्षाचां आता येतला."

"मला हा दुकानातला तांदूळ बाधतो. रोज पोट जड होतं. तुमचा उकडा तांदूळ मिळेल का मला?"

मी ओट्याशी पाठमोरी उभी होते आणि वळले नाही. पंचवीस वर्षांत या माणसाला कोलम कुठला आणि मसुरी कुठला हे कळलेलं नाही. जे ताटात येतं ते तो खातो. आईने मात्र लगेच त्याच्या पोटाची चौकशी सुरू केली. कधीपासून? पेज घेता का? अहो, आधी सांगायचं नाही का? मग तिने मला हाक मारली, "गो, शालूक फोन लाव," आणि फोनवर शालूवहिनीला ज्या आवाजात हुकूम सोडले तो आवाज मी गाव सोडल्यापासून ऐकला नव्हता. अमक्या गिरणीवर नेऊ नको, कणी फार करतो. दोनदा उकड. कुळीथ पण घाल, आणि सोलं. बापूक सांग, गोणी डबल शिव.

मार्गशीर्षात तांदूळ आले. लक्झरीच्या डिकीतून, चेंबूरला हायवेवर. सुधीर पहाटे उठून रिक्षा करून आणायला गेला. गावच्या गिरणीचे पैसे, गाडीचं भाडं, रिक्षा, हमाल हे सगळं धरलं तर ते तांदूळ दुकानातल्यापेक्षा महाग पडले होते. तीन ठिकाणचे भाव बघणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. तो गोणी खांद्यावरून उतरवून धापा टाकत नुसता म्हणाला, "आई, आले तुमचे तांदूळ."

त्या दिवशी आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं ते अजून सोडलेलं नाही. सकाळी पेज. मुग्धाचे ओट्स मागच्या फळीवर गेले. कुळथाची पिठी आठवड्यातून दोनदा, सुकटीची चटणी, मोड आलेले मूग. सोसायटीच्या मागच्या बाजूला गॅरेजशेजारी शेवग्याचं झाड आहे, त्याच्या शेंगाच लोक न्यायचे आणि पाला झाडूवाला गोळा करून टाकायचा. आई वॉचमनला हाताशी धरून तो पाला उतरवते. मुग्धा आधी कुरकुरली, "आजी यार, रोज काय हे काळं काळं?" मग एके दिवशी तक्ता काढून बसली, कुळथाचे आकडे बघितले आणि वाटी पुढे केली. अंडी आईने चालू ठेवली, मुग्धासाठी आणि माझ्यासाठी. कुठलं अन्न खाण्याच्या लायकीचं, हा वाद आता आमच्या घरात होत नाही. आई ठरवते, आम्ही खातो.

आणि ती जेवू लागली. भात तिचा होता ना. स्वतःच्या शेतातला भात ती आमच्या पानात वाढायची, सुधीरला आग्रह करायची, "घेवा, लाजू नकात, घरचोच आसा," आणि मग स्वतःच्या पानातही वाढून घ्यायची. पहिल्यांदा तिने मागून भात घेतला तेव्हा मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण गोणी खाली जात होती. संक्रांतीला अर्धी झाली. मला रोज स्वप्नात गोणी दिसायची म्हटलं तरी चालेल. हे तांदूळ संपले की काय? पुढचं पीक दिवाळीनंतर. शालूवहिनीकडे तिच्या खाण्यापुरतेच उरलेले. गुपचूप दुकानातला उकडा आणून गोणीत ओतावा असंही मनात आलं, पण आई पहिल्या घासाला ओळखेल आणि मग पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही. बाहेर भाव काही उतरत नव्हते. शाळेच्या ऑफिसात आम्ही बायका डब्यात कोणी काय आणणं बंद केलं ते एकमेकींच्या डब्यात बघून ओळखतो. मला वाटायचं, तांदूळ आहेत तोवर आई आहे. पुढे पुन्हा सोमवार, पुन्हा गुरुवार.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी म्हातारं माणूस गावाहून आलंय, त्यांना हात जोडून सांगते, त्याचे उपास एकदा बघा. देवाचे असतील तर नमस्कार करा. पण बघा. आपण गाव सोडलं तेव्हा कमवायला म्हणून सोडलं, आपल्याला इथे घर करायला काहीतरी हातात होतं, पगार होता, तरुण वय होतं. ही माणसं डबे रिकामे करून येतात. त्यांना आपण खोली देतो, पलंग देतो, टीव्ही देतो आणि म्हणतो, आई, हे तुझंच घर आहे. मीही म्हणायचे, अगदी मनापासून. माझ्या म्हणण्याने ते तिचं झालं नाही. पूर्वी मला कोणी विचारलं असतं, तुझं घर कुठलं, तर मी आपल्या वाडीतलं कौलारू घर सांगितलं असतं, तिथे आता कुलूप आहे तरी. आता माझं लक्ष फक्त एवढ्यावर असतं की आईला कुठलं घर आपलं वाटतं. ती जिथे मोकळेपणाने जेवेल तेच माझं माहेर, मग ते मुलुंडला चौथ्या मजल्यावर का असेना.

परवा शिमग्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी सुधीर बूट घालत होता. मी डबे भरत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रिकामी गोणी तिने घडी करून हातात धरली होती. माझ्याकडे न बघता ती सुधीरला म्हणाली, "जावयबापू, तांदूळ संपले. येतास तेव्हा घेवन येवा. आणि हलके नको, बरे बघान हाडा."

सुधीर एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला. वर्ष होत आलं होतं, या घरात तिने काही मागितलं नव्हतं. त्याने भाव बघायला फोन काढला नाही. एवढंच विचारलं, "किती आणू?"

"माका काय विचारतास?" आई म्हणाली. "खातली माणसां चार आसत. त्या हिशोबान हाडा."